बंद झालेली शेती औषधं : कोणती, कधीपासून, आणि कोठ्यात उरलेल्या बाटलीचं काय करायचं?

अनसिंग (ता. वाशीम) : खरिपाची पेरणी आटोपली, सोयाबीन गुडघ्याला लागलं, की वाशीम-पुसद रस्त्यावरच्या या भागात फवारणीचे पंप बाहेर निघतात. पंपासोबत निघतात मागच्या वर्षीच्या अर्ध्या बाटल्या. कोणाच्या कोठ्यात वाश्याला अडकवलेल्या, कोणाच्या घरात माळ्यावर, कोणाच्या विहिरीवरच्या खोलीत. त्यातल्या काही औषधांवर सरकारनं केव्हाच बंदी घातली आहे. दुकानातून ती गेली, कागदावरून गेली, पण घरातून गेली नाहीत.

जुनं औषध बंद होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते कोण ठरवतं, आतापर्यंत कोणती औषधं गेली आणि उरलेल्या औषधाचं काय करायचं, याची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख. फोनमध्ये जपून ठेवावा आणि औषध घेताना दुकानात उघडून पाहावा.

थोडक्यात

- मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल : नोंदणी रद्द. साठा संपवायला दिलेली एक वर्षाची मुदत २०२४ मध्येच संपली.
- मिथोमिल, डायकोफॉल, डिनोकॅप : २०२३ पासून पूर्ण बंद.
- फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फॅमिडॉन, अलाक्लोर, ट्रायक्लोरफॉन : ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद.
- स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविकं : पिकांवर १ जानेवारी २०२४ पासून बंद.
- एंडोसल्फान : २०११ पासून बंद.

बंदी एका दिवसात येत नाही

‘औषध बंद झालं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यामागं चार पायऱ्या असतात. पहिली, नवी नोंदणी बंद. दुसरी, कारखान्यात बनवणं आणि बाहेरून आणणं बंद. तिसरी, विक्री बंद. चौथी, वापर बंद. काही औषधं इतकी धोक्याची ठरतात की या चारही पायऱ्या एकाच दिवशी उतरवल्या जातात. बाकीच्यांना मुदत दिली जाते.

मुदत का दिली जाते? कारण कंपनीच्या गोदामात, घाऊक व्यापाऱ्याकडं आणि गावातल्या कृषी केंद्रात माल पडून असतो. शिवाय शेतकऱ्याला पर्यायी औषध माहीत व्हायला हवं, ते बाजारात यायला हवं. २०१८ च्या आदेशात सहा औषधांचं उत्पादन १ जानेवारी २०१९ पासून थांबलं, पण वापर पूर्ण बंद व्हायला ३१ डिसेंबर २०२० उजाडला. म्हणजे मधले दोन हंगाम साठा संपवण्यासाठी.

इथं एक गोष्ट शेतकऱ्यानं लक्षात घेण्यासारखी आहे. साठा संपतो म्हणजे तो कुठं जातो? तो शेवटी शेतातच येतो. जे औषध माणसाला घातक म्हणून बंद करायचं ठरलं, त्याचा उरलेला माल फवारण्याचं काम गड्याच्या पाठीवर येतं. कंपनीचा साठा संपवायला कायद्यात तारीख असते, दुकानदाराचा संपवायलाही असते. शेतकऱ्याच्या घरातली अर्धी बाटली परत घ्यायला मात्र कोणी दारात येत नाही. म्हणून शेवटची पायरी प्रत्येकाला आपल्या घरीच उतरावी लागते.

कायदा कुठून आला, आणि ठरवतं कोण?

१९५८ मध्ये केरळ आणि त्या वेळच्या मद्रास राज्यात अन्नातून विषबाधा होऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. जहाजातून आणताना पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडून खाण्याच्या मालात मिसळलं होतं. त्या घटनेनंतर चौकशी झाली आणि पुढं कीटकनाशक कायदा १९६८ आला. त्याचे नियम १९७१ चे.

या कायद्याखाली फरिदाबादला केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती काम करते. कोणतं औषध, कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती प्रमाणात वापरायचं हे ती समिती ठरवते. कायमची बंदी केंद्र सरकारच घालू शकतं. राज्य सरकारच्या हातात थोड्या दिवसांची बंदी असते, साधारण ६० दिवसांची.

त्या अधिकाराचा वापर आपल्या जिल्ह्यानं पाहिला आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्याच्या कृषी विभागानं यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री दोन महिन्यांसाठी थांबवली. त्यात मोनोक्रोटोफॉस होतंच. सोबत अॅसिफेट, डायफेन्थ्युरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनचं मिश्रण आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण होतं. दोन महिने सरले, बंदी उठली. मोनोक्रोटोफॉस कायमचं जायला त्यानंतर सहा-सात वर्षं लागली.

आतापर्यंत काय काय गेलं?

*जुन्या पिढीची औषधं.* घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ही नावं आठवतील. डीडीटी पावडर शेतीत १९८९ पासून बंद आहे. हिवतापाच्या डासांसाठी ती नंतरही सरकारी यंत्रणेनं वापरली. एंड्रिन १९९० मध्ये गेलं. बीएचसी पावडर १९९७ मध्ये गेली. एकेकाळी ती धान्याच्या कोठीतसुद्धा टाकली जायची.

*एंडोसल्फान, २०११.* केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं गेलं. तिथल्या गावांत जन्मतः व्यंग असलेली मुलं आणि इतर आजार यांवरून मोठं आंदोलन उभं राहिलं. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं देशभर त्याचं उत्पादन आणि विक्री थांबवली. त्याच वर्षी स्टॉकहोम करारातल्या देशांनीही ते जगातून टप्प्याटप्प्यानं काढायचं ठरवलं.

*२०१८ चा आदेश.* केंद्रानं २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. दुसऱ्या देशांत बंद असलेली पण भारतात चालू असलेली ६६ औषधं तिनं तपासली. त्यावरून ऑगस्ट २०१८ मध्ये १८ औषधांचा आदेश निघाला. बारा तत्काळ बंद झाली. त्यात मिथाइल पॅराथिऑन, कार्बारिल, डायझिनॉन, फेन्थिऑन, बेनोमिल, लिन्युरॉन ही इकडं माहीत असलेली नावं. सहा औषधांना २०२० अखेरपर्यंत मुदत मिळाली. ती वर दिली आहेत.

या सहांपैकी तीन आपल्या भागात घरोघरी होती. सोयाबीन पेरताना खोडमाशीसाठी जमिनीत टाकायचं दाणेदार फोरेट, ज्याला लोक ‘थायमेट’ म्हणतात. चक्रभुंग्यासाठी ट्रायझोफॉस. आणि डायक्लोरव्हॉस, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘नुवान’. ते तर पिकापेक्षा ढेकणांवर आणि गुरांच्या गोचिडांवर जास्त वापरलं जायचं.

*२०२१ चा आदेश.* पिकांवरच्या जिवाणू रोगांसाठी स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन फवारलं जायचं. ही मुळात माणसाच्या उपचारातली प्रतिजैविकं. शेतात जास्त वापरली की जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात आणि मग माणूस आजारी पडल्यावर औषध लागू पडत नाही. म्हणून १ फेब्रुवारी २०२२ पासून त्यांचं उत्पादन-आयात आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर बंद झाला. संत्रा आणि डाळिंबवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

*२०२३ चा आदेश.* मे २०२० मध्ये केंद्रानं २७ औषधं बंद करण्याचा मसुदा काढला होता. कंपन्यांनी हरकती घेतल्या, पुन्हा समिती बसली. शेवटी २९ सप्टेंबर २०२३ च्या आदेशात डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल ही तीन पूर्ण बंद झाली. मोनोक्रोटोफॉस ३६ एसएलची नोंदणी रद्द करून उरलेला साठा संपवायला एक वर्ष दिलं. बाकीच्यांपैकी काहींवर पिकापुरती बंधनं आली, काही तशीच चालू राहिली.

दुकानात मिळतं, पण सगळ्या पिकांवर चालत नाही

हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. औषध दुकानात उघड मिळतं, म्हणून कोणत्याही पिकावर मारलं जातं. पण २०२३ च्या आदेशानं काही औषधांवरून ठराविक पिकं काढून टाकली आहेत :

- क्लोरपायरिफॉस : लिंबूवर्गीय फळं, बोर आणि तंबाखूवर नाही. म्हणजे संत्रा आणि लिंबाच्या बागेत नाही.
- डायमेथोएट (लोक ‘रोगर’ म्हणतात ते) : कच्ची खाल्ली जाणारी फळं आणि भाज्यांवर नाही.
- क्विनॉलफॉस : ज्वारी, ताग आणि वेलदोड्यावर नाही.
- मॅन्कोझेब : पेरू, ज्वारी आणि टॅपिओकावर नाही.
- कार्बोफ्युरॉन : ३ टक्के दाणेदार प्रकार सोडून बाकी बंद.

मोनोक्रोटोफॉसची गोष्टही अशीच सुरू झाली होती. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासूनच मनाई होती. तरी कपाशीसाठी आणलेली बाटली घराजवळच्या वांग्या-भेंडीवर मारली जायची. बाटली एक, पिकं चार, आणि लेबल कोणी वाचत नाही. तिथूनच विष ताटात येतं.

ही औषधं का काढली?

मोनोक्रोटोफॉस, फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फॅमिडॉन, मिथाइल पॅराथिऑन ही सगळी एका कुळातली, ऑर्गेनोफॉस्फेट. मिथोमिल दुसऱ्या कुळातलं, पण शरीरात काम तेच करतं. किडीच्या नसांचं कामकाज ती बिघडवतात. अडचण अशी की माणसाच्या नसाही त्याच पद्धतीनं चालतात. त्यामुळं अळी मरते तशीच मात्रा वाढली तर माणूसही मरतो. हे विष पोटातून जातं, श्वासातून जातं आणि अंगावर सांडलं तर कातडीतूनही जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ही औषधं सर्वांत विषारी अशा वरच्या दोन वर्गांत आहेत.

जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. तपासणीत अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडलं. स्वयंपाकाचं तेल औषधाच्या डब्याशी आलं, एवढीच चूक. रिकामा डबा धुऊन तेल-रॉकेलला वापरणारी घरं आपल्याकडंही आहेत. त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आणखी एक कारण आहे, ते बोलायला जड जातं. विदर्भात कर्जाच्या, नापिकीच्या किंवा घरातल्या भांडणाच्या भरात अनेकांनी जीव दिला तो घरात हाताशी असलेल्या औषधानं. श्रीलंकेत हीच परिस्थिती होती. तिथल्या सरकारनं १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससह उरलेली सर्वांत विषारी औषधं बंद केली, १९९८ मध्ये एंडोसल्फान बंद केलं. पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. या बंदीमुळं तिथल्या पिकांचं उत्पादन घटल्याचं अभ्यासकांना दिसलं नाही. माणसाच्या डोक्यात वाईट विचार येतो तो पुष्कळदा तासा-दोन तासांचा असतो. त्या वेळी हाताशी जहाल औषध नसेल तर माणूस वाचतो.

मग लोक अजून का मागतात?

कारण सरळ आहे. ही औषधं स्वस्त होती. पंपाला थोडं टाकलं की सगळ्या किडी मरताना डोळ्यांनी दिसायच्या. मोनो मारलं की पऱ्हाटी हिरवीगार दिसते, असा समजही पक्का आहे. दोन-तीन एकरवाल्याला नव्या औषधाची छोटी बाटलीसुद्धा महाग वाटते. ही तक्रार खोटी नाही. जुनं काढताना नवं परवडेल का, याचा विचार शेतकऱ्यालाच करावा लागतो.

पण हिशोबाची दुसरी बाजूही आहे. जहाल औषध किडीसोबत ढालकिडा, क्रायसोपा यांसारखे मित्रकिडेही मारतं. मग पांढरी माशी आणि मावा पुन्हा उसळतात आणि फवारणी एकाची दोन होते. एक माणूस दवाखान्यात गेला तर अख्ख्या हंगामाच्या औषधाचा खर्च चार दिवसांत जातो. स्वस्त बाटली अशी महाग पडते.

बंद औषध ओळखायचं कसं?

मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते कंपनीचं नाव. एकाच औषधाची अशी डझनभर नावं असू शकतात. बंदी येते ती तांत्रिक नावावर. म्हणून :

१. बाटलीवर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात असलेलं तांत्रिक नाव आणि टक्केवारी वाचा. उदाहरणार्थ ‘मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल’. अक्षर बारीक असेल तर फोननं फोटो काढून मोठं करून पाहा. घरात शिकणारी मुलं असतील तर त्यांच्याकडून वाचून घ्या.

२. रंगीत चौकोनातला त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटीची खूण असते. पिवळा म्हणजे जास्त विषारी. निळा मध्यम. हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे प्यायचं पाणी नव्हे, तेही विषच.

३. बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, बॅच नंबर आणि नोंदणी क्रमांक पाहा. यातलं काही खोडलेलं किंवा वर चिठ्ठी चिकटवलेली असेल तर घेऊ नका.

४. पक्कं बिल घ्या. बिलावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर हवाच. ‘बिल नको असेल तर स्वस्त देतो’ असं कोणी म्हटलं की समजावं, मालात काहीतरी खोट आहे.

५. बंद औषध विकताना दिसलं तर तालुका कृषी अधिकारी, पंचायत समितीचा कृषी अधिकारी किंवा जिल्ह्याचा गुणनियंत्रण निरीक्षक यांना कळवा. बाटलीचा फोटो आणि बिल सोबत ठेवा.

घरात उरलं आहे, त्याचं काय?

पहिलं काम म्हणजे एकदा घरातलं आणि कोठ्यातलं सगळं औषध बाहेर काढून पाहणं. बंद झालेलं, मुदत संपलेलं आणि लेबल गेलेलं वेगळं करा. हातात रबरी मोजे घाला. मुलांना आणि गुरांना दूर ठेवा.

हे करा :

- वेगळं काढलेलं औषध मूळ बाटलीतच ठेवा. गळत असेल तर दुसऱ्या झाकणाच्या डब्यात बाटलीसकट उभं करा आणि वर ‘विष, वापरू नये’ असं लिहा.
- कुलूप लावा. किल्ली एकाच जबाबदार माणसाकडं द्या. धान्य, पेंड, सरकी आणि पाण्यापासून दूर ठेवा.
- ज्या दुकानातून घेतलं तिथं परत घेता का, ते विचारा. बिल असेल तर बोलणं सोपं जातं.
- दुकानदारानं नाही म्हटलं तर गावच्या कृषी सहायकाला सांगा आणि तालुका कृषी कार्यालयाकडं लेखी विचारणा करा. एकट्यानं जाण्यापेक्षा गावातल्या दहा-बारा जणांची यादी करून ग्रामपंचायतीमार्फत दिली तर जास्त दखल घेतली जाते.

हे करू नका :

- ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून फवारून संपवू नका. वापरालाही बंदी आहे.
- विहिरीत, नाल्यात, तलावात किंवा मोरीत ओतू नका. मासे मरतात, गुरं पाणी पितात, आणि आपलंच पाणी नासतं.
- जाळू नका. धूरही विषारी असतो.
- शेजाऱ्याला देऊ नका, पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका.
- डोक्यातल्या उवांसाठी, ढेकणांसाठी किंवा गुरांच्या गोचिडांसाठी वापरू नका.

चालू औषधाची बाटली रिकामी झाली की तीन वेळा पाण्यानं खळबळून ते पाणी पंपातच टाका. मग बाटलीला भोक पाडा किंवा ती फोडा. रिकामे डबे पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असं १९७१ च्या नियमांत सांगितलं आहे. धुऱ्यावर फेकलेली बाटली कोणाच्या तरी लेकराच्या हाती लागते.

त्याऐवजी काय?

सोयाबीनवर खोडमाशी आणि चक्रभुंग्यासाठी फोरेट, ट्रायझोफॉस गेलं तरी मार्ग बंद झाला नाही. पेरताना थायोमेथोक्झाम ३० एफएसची बीजप्रक्रिया केली तर सुरुवातीचे दिवस निघतात. पुढं गरज पडली तर क्लोरँट्रानिलीप्रोल किंवा थायोमेथोक्झाम आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रीनचं तयार मिश्रण यांची शिफारस आहे. चक्रभुंग्यानं दोन चकत्या पाडून वाळवलेली पानं-फांद्या दिसताच तोडून नष्ट केल्या तर पुढची पैदास तिथंच थांबते. त्याला पैसा लागत नाही.

कपाशीवर मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यासाठी पिवळे आणि निळे चिकट सापळे, सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क, आणि किडींची संख्या नुकसानीच्या पातळीवर गेली तरच शिफारशीचं औषध. अर्कासाठी ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून १०० लिटर पाणी करायचं. उन्हाळ्यात झाडाखाली पडलेली निंबोळी वेचून वाळवून ठेवली तर हा खर्च जवळपास शून्यावर येतो.

तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे, पक्षीथांबे, निंबोळी अर्क आणि विषाणूयुक्त एचएएनपीव्ही हे आधी. अळी जास्त झाली तर इमामेक्टिन बेंझोएट किंवा क्लोरँट्रानिलीप्रोल.

प्रमाण लेबलवर असतं तेवढंच घ्या. शंका असेल तर रिसोड तालुक्यातल्या करडा इथलं कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या शिफारशी विचारा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

नवं म्हणजे निर्धोक नाही

२०१७ मध्ये थांबवलेल्या पाच औषधांत नवी मिश्रणंही होती, हे विसरून चालणार नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. त्यात जोरानं फवारा मारणारे पंप. फवारा सरळ तोंडावर, छातीवर यायचा. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जायची. मजूर सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच ओल्या कपड्यांत असायचे. जुनं औषध बदललं पण पद्धत तीच ठेवली, तर धोका पूर्ण जात नाही.

म्हणून मोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. वाऱ्याच्या दिशेनं चालत फवारा. नोझल तोंडानं फुंकू नका. मध्ये तंबाखू, बिडी, चहा नको. आपल्या मनानं औषधं एकत्र करू नका. मजूर लावला असेल तर ही साधनं त्याला द्यायची जबाबदारी मालकाची आहे. काम झालं की साबणानं अंघोळ करा आणि कपडे वेगळे धुवा. धुणाऱ्या बाईलाही तेच विष लागतं.

विषबाधा झाली तर

डोकं दुखणं, मळमळ, उलटी, अंगाला घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढं अंधुक, बुबुळाची बाहुली बारीक होणं, स्नायू फडफडणं, श्वास लागणं. यातलं काही दिसलं की ‘ऊन लागलं असेल’ म्हणून झोपवून ठेवू नका.

- माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. कपडे काढून अंग साबण-पाण्यानं धुवा.
- १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखान्यात न्या.
- औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. कोणतं औषध होतं ते कळलं तर डॉक्टरचा उपचार लवकर सुरू होतो.
- उलटी करवू नका. दूध, तूप, ताक, लिंबूपाणी पाजू नका.
- दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र : १८००-११६-११७, मोफत.
- मन खचलं असेल, नको ते विचार येत असतील तर स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी टेली मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

लोक विचारतात ते प्रश्न

*बाटलीची मुदत अजून संपली नाही, तरी बंद?* हो. मुदत ही औषधाच्या गुणाची असते. बंदीची तारीख गेली की मुदत बाकी असली तरी वापरता येत नाही.

*दुसऱ्या जिल्ह्यात मिळतं, असं ऐकलं.* केंद्राचा आदेश सगळ्या देशाला लागू असतो. कुठंही मिळत असेल तर ते बेकायदा आहे. बिल मागून पाहा, मिळणार नाही.

*क्लोरपायरिफॉस, अॅसिफेटही बंद होणार का?* २०२० च्या मसुद्यात दोन्ही होती. २०२३ मध्ये क्लोरपायरिफॉसवर तीन पिकांपुरतं बंधन आलं, अॅसिफेट पूर्ण बंद झालं नाही. अशा औषधांचा जास्तीचा साठा घरात करून ठेवू नये, एवढं शहाणपण आतापासून बाळगावं. लागेल तेवढंच आणावं आणि त्याच हंगामात संपवावं.

येत्या फवारणीआधी एक संध्याकाळ काढून माळा आणि कोठा तपासून घ्यावा. वाचता येणाऱ्यानं शेजारच्या दोन घरांतल्या बाटल्यांचीही तांत्रिक नावं वाचून द्यावीत.